फाट्याकडचं आडवं बोअर

९ मार्च
सूनबाईने भरलेला हंडा उंबऱ्याबाहेरच ठेवला. "मामा, पाण्याला डिझेलचा वास येतोय." म्हटलं, तुझ्या नाकाला येत असेल. मग ओंजळीत घेतलं. खरंच. वर सात रंग तरंगत होते. चौथीच्या कवितेत ते आभाळात असायचे.
सगळी वस्ती याच विहिरीवर. उद्या सांगायला हवं.

१० मार्च
सांगितलं. बायका घागरी उपड्या घालून त्यांच्यावरच बसल्या. शेवंताबाई म्हणाली, "आता कुटं जावं आमी? तेलगावला?"
दुपारी दि. आला. सोसायटीचा चेअरमन झाला, तरी मला तो शाळेतला मागच्या बाकावरचा दिनकरच. विहिरीत वाकून पाहिलं. टँकर लावतो म्हणाला. पाणी हातात घेतलं नाही, वासही घेतला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१३ मार्च
तहसीलला कळवलं होतं. फाट्यावरच्या पंपाच्या तेल कंपनीने तपासणीला मुलगी पाठवली. कांबळे मॅडम, गेवराईच्या. काचेची नळी विहिरीत सोडून वर काढली तर पाण्यावर डिझेलचा थर. बॅटरी मारली. विहिरीच्या भिंतीतून फाट्याकडे मारलेल्या आडव्या बोअरमधून थेंब थेंब गळत होतं.
"काका, हे कधी मारलं?"
"दिवाळीनंतर. विहीर आटली तेव्हा."
"पंपाच्याच बाजूला कावून?"
पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ तिकडेच उभा राहिला, दुसरं काय सांगू. फाट्यावर सोसायटीचा डिझेल पंप, त्याची टाकी जमिनीत. मधे ओढ्याचा मऊ मुरूम. टाकी गळली, अन् आमच्या मोटारीने बोअरमधून सगळं इकडे ओढून आणलं.
बोअरला नारळ दि.नेच फोडला होता. पाणी आलं तेव्हा दोघं म्हातारे काठावरून वाकून शाळेतली कविता ओरडलो. लहानपणी ओरडायचो तशी. विहीर शेवटचा शब्द परत द्यायची.

१७ मार्च
दि. आला. चहा घेतला नाही.
"बाबू, तुझं जुनं इंजिन होतं न विहिरीवर? तेच गळलं म्हण."
"ते विकून जमाना झाला."
"कोणाला आठवतंय बे. पंप बंद पडला तर उसाचे ट्रॅक्टर उभे ऱ्हातील. सीझन संपायला आलाय."
"टाकी गळते हे तुला कधी कळलं?"
चपलेने माती उकरली. "पावसाळ्यात. वाटलं, खाली जिरून जाईल."
पावसाळ्यात. म्हणजे बोअरचा नारळ फोडायच्या आधी.
"मग त्या दिवशी बोलला कावून न्हाईस?"
"तू लई खूश होतास गड्या. न्हाई बोलवलं."


२१ मार्च
मारुतीच्या पारावर बैठक. मी म्हणणार नाही हे ओळखून दि.च उठून म्हणाला, बाबूरावचं इंजिन गळलं असंल, मुद्दाम कोण करतंय, संबाळून घेऊ. लोकांनी माना हलवल्या. माझ्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनीच.
मी उभा राहिलो, शब्द सुचेना. शाळेत कविता म्हणताना ओळ विसरलो की मागच्या बाकावरून दि. हळूच पुढचा शब्द द्यायचा. आज मागे वळून पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

२८ मार्च
मॅडमच्या अहवालावरून कंपनीने पंपाची टाकी उकरून काढली. बुडाला गंजून भोक. खालची माती काळी-निळी, उग्र वास. इंजिनाचं नाव परत कुणी काढलं नाही. मला येऊन कुणी काही म्हणालंही नाही. शेवंताबाई तेवढी म्हणाली, "तुमचं तोंड दुकत व्हतं का त्या दिशी?"
माती सोसायटीच्या आवारात जाड प्लास्टिकच्या कागदावर पसरली. अधूनमधून नांगरायची. मॅडम म्हणाल्या, मातीतले बारीक जीव तेल खातात, त्यांना हवा लागते अन् ओल लागते.
ओल. या दुष्काळाच्या साली.

११ एप्रिल
आडवं बोअर सिमेंटने बुजवलं. आता स्वच्छ झाली तरी विहिरीला पहिल्याइतकं पाणी राहणार नाही. मोटार दिवसभर चालू, पाणी कोळशाच्या ड्रममधून गाळून ओढ्यात सोडतात. टँकरच्या रांगेतल्या बायका वाहतं पाणी बघत उभ्या राहतात. प्यायचं नाही, हात लावायचा नाही.
"कधी प्यायला मिळेल?" मॅडमना विचारलं.
"सांगता येत नाही काका. दोन पावसाळे. जास्तही."
त्या गेल्यावर काठावरून एक ओळ म्हणून पाहिली. मोटारीच्या आवाजात काही परत आलं नाही.

१९ एप्रिल
दि. आलाय. चालत, एकटा, भर उन्हात. लिंबाखाली बसला. मी ओसरीवरच राहिलो. मग जन्मभर आल्या आल्या म्हणतो तेच म्हणाला, "बाबू, पाणी दे रे." म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं. मान खाली घातली.
तांब्या घ्यायला आत आलो. माठात टँकरचं पाणी आहे. बादलीत विहिरीचं, मॅडमना तपासायला काढून ठेवलेलं. तांब्या रिकामाच आहे अजून, वही उघडून बसलोय.
बाहेर खोकल्याचा आवाज आला. गेला नाही तो.