हिरवी वायर

मंगळवार, १ एप्रिल
पोचलो एकदाचे मिरजगावला! टेम्पोवाल्याने वाटेतला एकही खड्डा सोडला नाही, तरी माझी इलेक्ट्रिक गिटार, अँप्लिफायर आणि बायकोची, हन्नाची, लोणच्याची बरणी असं सगळं धडधाकट आहे. इथल्या चर्चने मला संगीतशिक्षक म्हणून नेमलंय. आवारातच खोली दिलीय, खिडकीसमोर प्रार्थनेचा हॉल. पाळकसाहेबांनी स्वागताला भेळ मागवली. १३ तारखेला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मिरवणूक परतल्यावर आमची स्टेला स्वतः गिटार वाजवत माईकवर गाणार. वय वर्षं दहा, कॉर्ड येतात तीन, पण तोरा असा की विचारू नका. बापावर गेलीय.

गुरुवार, ३ एप्रिल
हॉलमध्ये अँप्लिफायर लावला की घूंऽऽ अशी घरघर येते. पंगतीत शेजारी कुणी भुरके मारत बसावं तसं होतं मला. केबल बदलली, गिटारचे पेडल एकेक करून काढले, ट्यूबलाइट, पंखे बंद केले. घरघर कायम. शेवटी चोर सापडला. अँप्लिफायर एका बोर्डावर, माईकचा मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोघांचं अर्थिंग वेगळं. अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर सोडवली. चिडीचूप!

हॉलची लाइट बघणारे भिमाजीमामा मात्र पांढरे पडले. "सर, ती वायर काढू नगा. शमुवेल मास्तरनी बी काढली हुती. हितंच, गाता गाता गेले." मला तर आधीच्या शिक्षकांची बदली झाली असं सांगितलं होतं. मामांचं म्हणणं, घरघर घालवायची तर अर्थिंगच्या खड्ड्यात नव्याने मीठ-कोळसा घालू, रोज पाणी ओतू, आठ दिवस द्या. आठ दिवस सराव बंद ठेवायला वेळ कुणाला आहे? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतोय, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.

रविवार, ६ एप्रिल
सराव चालू होता. स्टेलाचा हात तारांवर. ओठ माईकला लागले आणि ती किंचाळली. ओठांना मुंग्या आल्या म्हणाली. हिरवी वायर असली की अँप्लिफायरमधला चुकार करंट जमिनीत जातो. नसली की तो तारांत उतरतो, वाजवणाऱ्याच्या हातात येतो, आणि ओठ माईकला लागला की अंगातून आरपार. हे मला ठाऊक होतं. कानाच्या चोचल्यांपायी मी पोटच्या पोरीला या खाईत लोटत होतो. वायर तेव्हाच जोडली. घरघर परत आली. येऊ दे.

मंगळवार, ८ एप्रिल
दुपारी गिटार लावली तर घरघर नाही. प्लग उघडला. हिरवी वायर सुटलेली. स्क्रू मी चांगला पिळला होता. मामांवर उगाच खेकसलो. ते एवढंच म्हणाले की शमुवेल मास्तरांनाही तो आवाज खपायचा नाही. पुन्हा जोडली.

गुरुवार, १० एप्रिल
काल दोनदा सुटली. आज प्लग उघडा ठेवून, स्क्रूवर बोट दाबून बसलो. भर दुपार. हॉलमध्ये मी एकटा. बोटाखाली स्क्रू फिरला. सावकाश — उलटा —

शनिवार, १२ एप्रिल
गिटार नाही, माईक नाही. स्टेला तशीच गाईल. रडली. रडू दे. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही थकलायत. सगळं सामान खोलीतल्या कपाटात कोंडलं. किल्ली माझ्या खिशात.

रविवार, १३, सकाळ
कपाट रिकामं. कुलूप तसंच —

खोलीच्या दाराला बाहेरून कडी. खिडकीला गज. मोबाईल हन्नाकडे, शूटिंगसाठी. सगळे झावळ्या घेऊन गात रस्त्यावर गेलेत. माझं कुणालाच ऐकू जात नाही.

स्टेला हॉलमध्ये. हॉलच्या उघड्या दारातून दिसतेय. गळ्यात गिटार. मला हात हलवून हसली. तिला वाटतंय पप्पांनीच लावून दिली. मी नको नको ओरडतोय, ती मान डोलावतेय —

हे पान खिडकीतून टाकतोय. ज्याला मिळेल त्याने आधी हॉलचा मेन स्विच पाडा. माझं दार नंतर. आधी स्विच.

घरघर ऐकू येतेय. देवा, चालू राहू दे. ती आहे तोवर वायर जागेवर —

मिरवणूक फाटकात आली. स्टेला माईककडे वळली. स्विच हॉलच्या दाराच्या डाव्या हाताला, लोखंडी पेटीत —

घरघर थां