तिघांचं एकमत

मांजरी, पुणे
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

प्रिय दिग्विजय,

अनेक आशीर्वाद. तू, अपेक्षा आणि छोटी मजेत असाल. आम्हीही ठीक आहोत. दिवाळीनंतर मांजरीला राहायला आलो. जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलं होतं. कूस आहे, पण तीत डास फार आहेत. एका खिडकीतून ऊस दिसतो, दुसरीतून शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं. आईला इथे अजून करमत नाही. परवा लिंबाचं लोणचं घातलं तेव्हा सवयीने एक बरणी बाजूला काढून म्हणाली, "ही वाशीमच्या पोराची."

आपण दोन वर्षं बोललो नाही आणि एकदम पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी गोल गोल बोलले असते आणि व्हॉट्सॲपवर लिहून खोडलं असतं. कागदावर निदान खाडाखोड दिसते.

मंगळवारी अपेक्षाचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, तुझ्या नकळत केला तिने. तू मामांच्या दुकानात मोटारपंप विकतोस आणि प्रत्येक पंप पिंपात सोडून तासभर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीस, असं तिने सांगितलं. लोक उशिराबद्दल कुरकुरतात आणि पुढच्या वेळी तुझ्याकडेच येतात म्हणे. हे ऐकून मला हसू आलं. मग तिने नागपूरच्या कंपनीचं सांगितलं. त्यांनी तुला बोलावलंय, वीस तारखेपर्यंत उत्तर हवंय, आणि तू नाही म्हणणार आहेस.

"ताई, तुमच्या कंपनीतल्या त्या चाचणीचा रिपोर्ट त्यांनी कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलाय," ती म्हणाली. "अधूनमधून काढतात आणि तेच पान वाचतात. एकाने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, म्हणतात. पण तिघांनी तेच लिहिलंय. मग मी इंजिनीअर व्हायलाच नको होतं."

ते पान मला पाठ आहे. सहकारी १, सहकारी २, सहकारी ३. 'निर्णय घेण्यास कचरतो.' 'दबावाखाली काम अडवून धरतो.' 'नेतृत्वास सध्या योग्य नाही.' खाली जाड अक्षरांत, 'तिन्ही सहकाऱ्यांचे एकमत'.

आधी माझं सांगते. नोव्हेंबरमध्ये मीटिंगमध्ये बोलता बोलता माझे हात थरथरायला लागले. कपातला चहा बशीत, बशीतला आपल्या साहेबांच्या, आमोद सरांच्या वहीवर. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. मग मला विजयमाला मॅडमकडे पाठवलं. त्या इंजिनीअर लोकांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतात. माणूस कामात कुठे अडतो, ताण कशाचा येतो, ते बघतात. तुझी घेतली होती तीच चाचणी, तेच साठ प्रश्न. माझा निकाल वाचून त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी 'थांबा' म्हटलं की तो माणूसच तुम्हाला खोटा वाटायला लागतो." मी म्हटलं, "छे हो, काहीतरीच." नंतर गाडी काढताना दोनदा बंद पडली.

त्यांनी माझ्यासाठी फॉर्म भरतील अशा तीन सहकाऱ्यांची नावं मागितली. मला एकही सुचेना. "तुम्ही कुणासाठी भरलाय का कधी?" त्यांनी विचारलं.

"हो, एकदा," मी म्हणाले. तेही खोटंच होतं.

दिग्विजय, तुझ्यासाठी मी फॉर्म भरला होता हे तू ओळखलंच असशील. तिघांत मी असणारच. तू विजेच्या स्कूटरच्या चार्जरचं काम अडवलंस त्याच आठवड्यातली गोष्ट. तापवण्याच्या चाचणीत चाळीसपैकी दोन बोर्डांचा पंखा उशिरा सुरू होत होता. आणखी आठ दिवस हवेत, म्हणालास, आणि सही केली नाहीस. मी तोपर्यंत गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसले होते. आमोद सरांनी सगळ्यांसमोर मला झापलं. त्या रागात मी भरला.

इथपर्यंत चार वेळा लिहून झालंय. दर वेळी इथेच थांबून मी पत्र फाडलं.

तिन्ही फॉर्म मीच भरले.

आपली ती सवय आठवते ना? दर वर्षी आगीपासून सुरक्षिततेची ऑनलाइन प्रश्नपत्रिका यायची आणि एकजण अख्ख्या ओळीची भरून टाकायचा. तूही माझी भरायचास. तसंच झालं. तनया लग्नाच्या रजेवर निघाली होती, तिने तिच्या फॉर्मची लिंक मला पाठवली. तेजस म्हणाला, "ताई, तूच भर ना, साठ प्रश्न कोण वाचणार? तू त्याला सगळ्यांत जास्त ओळखतेस." आणि मी भरले. शुक्रवारी दुपारी डबा खाऊन, निवांत बसून. तिन्ही सारखे दिसू नयेत म्हणून कुठे पाचाचं चार केलं, कुठे वाक्य फिरवलं. तेवढी अक्कल रागातही शाबूत होती.

रागाच्या भरात झालं असं म्हणून सुटता आलं असतं. पण ती लिंक पंधरा दिवस उघडी होती, भरलेलं बदलता येत होतं. आठव्या दिवशी तुला दोष सापडला. तूच बरोबर होतास. तो माल तसाच गेला असता तर कुणाच्या तरी दारात स्कूटर पेटली असती. तू मला चहा पाजलास, वर म्हणालास, "ताई, तुझी तारीख चुकली, सॉरी." त्यानंतरही सात दिवस होते. मी रोज पान उघडायचे आणि बंद करायचे. टीमप्रमुखाची जागा एकच होती आणि ती मला हवी होती. मला मिळाली. राजीनामा देऊन तू विश्रांतवाडीची खोली सोडलीस, तेव्हा सामान भरायला मीच आले होते. खोक्यांवर चिकटपट्टी लावत होते आणि तू विचारत होतास, "ताई, खरंच मी असा आहे का गं?" मी म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." या वाक्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

माझ्या हातून ओवाळून घेतलेला भाऊ तू. आई अजून विचारते, दिग्विजय भाऊबीजेला का येत नाही. आज रात्री जेवताना तिलाही सांगणार आहे.

काल आमोद सरांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, "जुनी मढी कशाला उकरताय?" म्हणून एक प्रत मनुष्यबळ विभागात दिली आणि पोच घेतली. माझ्या जागेचं काय होईल ते सोमवारी कळेल. तनयाला फोन केला, ती रडली. तेजसने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तू त्याचं चांगलंच भरशील."

त्या लेखी कबुलीची प्रत सोबत जोडली आहे. नागपूरला दाखवायची तर खुशाल दाखव, माझी भीड ठेवू नकोस. आणि त्या साठांतल्या एका प्रश्नाचं खरं उत्तर इथे लिहिते. प्रश्न सतरावा, 'कठीण प्रसंगी निर्णय घेतो का?' हो. मी, आमोद सर, गिऱ्हाईक आणि ठरलेली तारीख असे सगळे एका बाजूला असताना याने सही केली नाही. हा निर्णय त्याने घेतला आणि आठ दिवस एकट्याने निभावला.

तुला कामात अडचणी नव्हत्या असं म्हणत नाही. तुला वरच्या आवाजात बोलता येत नाही, मेल लिहायला तू दुपार लावतोस. माणसात असतं तेवढं होतं. तू इंजिनीअर नव्हतास असं मात्र कधीच नव्हतं, आणि ते मला लिहितानाही ठाऊक होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुझ्या स्वभावाने तू देऊन टाकशील आणि मी पुन्हा सुटेन. नागपूरला होकार द्यायचा की पंपच विकायचे, ते तू ठरव. पण तिघांनी म्हटलं म्हणून नाही म्हणू नकोस. ते तिघे नव्हतेच. ते पान साड्यांखालून काढ आणि अपेक्षाला चुलीत घालायला दे.

छोटीला गोड पापा. मामांना नमस्कार. लोणच्याची बरणी वेगळी पाठवते आहे, ती आईची आहे, माझी नाही, तेव्हा परत करू नकोस.

पूर्वी दर मेसेजखाली लिहायचे तसं 'तुझी ताई' लिहायला आज हात धजत नाही.

सहकारी १,
सहकारी २,
सहकारी ३,
म्हणजे एकटी
हेमा