धरणीमायच्या वाट्याचा घोट

आतकामा, मंगळवार

एदेल्मीरा मावशीस बाल्तासारचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझा लामांचा कळप, दोन्ही चालते असावेत.

मावशी, या वाळवंटात माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. यंत्राजवळ चहाचा कप नेऊ देत नाहीत, शिंकू देत नाहीत, आणि कालपासून सुस्कारा टाकायलाही बंदी. (त्यात ओल असते म्हणे. पन्नाशीला आलेल्या माणसाने सुस्कारे टाकायचे नाहीत तर टाकायचं काय?) कारण आमचं यंत्र चंद्रावर जाऊन पाणी हुंगणार आहे. माती उकरायची, तापवायची आणि वाफेत काय काय आहे ते सांगायचं. सरावाला चंद्राइतकी कोरडी जमीन हवी, ती देवाने आपल्यालाच दिली.

आमच्या प्रमुख नोएलियाबाईंनी या यंत्रात नऊ वर्षं घातली. परवा त्याची शेवटची परीक्षा होती. सांतियागोहून दोन परीक्षक आले. त्यांनी बर्फ मिसळलेल्या मातीच्या पाच पुड्या गुपचूप पुरल्या. यंत्राने पाचही शोधल्या. आम्ही टाळ्यांसाठी हात उचलतो तोच ते सहाव्या जागी अडून बसलं: इथे पाणी आहे, शिवाय दारूही! परीक्षकांनी वही मिटली. काही पुरलंच नाही तिथे पाणी सांगणारं यंत्र चंद्रावर कोण धाडणार? बाईंचा चेहरा पांढराफटक.

आणि आमचा ड्रायव्हर सिरिलो खो खो हसत सुटला. "अहो साहेब, ती धरणीमायची जागा! कामाआधी पहिला घोट तिला नाही पाजायचा, तर काय तुम्हाला?" त्याने वरचे खडे बाजूला केले. खाली बुजवलेला खळगा निघाला. वाइन चार दिवसांपूर्वीची, फार तर अर्धा पेला. नाक मातीला लावूनही वास येईना. "कोणी ओतली?" परीक्षकांनी विचारलं. "कोणी का ओतेना," बाई कडाडल्या, "तुमच्या नाकाला कळली नाही, याला कळली!"

वही पुन्हा उघडली. यंत्र पास झालं, मावशी! चंद्रावर जाणाऱ्या यानातली जागा अजून पक्की नाही, पण रांगेत आता आम्ही पहिले.

तुझा,
बाल्तासार

ता. क. ओतणारा मीच. (हो, दर ऑगस्टला तू धरणीमायला ओततेस, त्याला 'अडाणीपणा' म्हणून हसणारा. बाईंची नऊ वर्षं पणाला लागली की माणूस शहाणपणावर विसंबत नाही.) बाटली तू पाद्रीबाबांसाठी दिलेली होती. त्यांनी चौकशी करण्याआधी दुसरी बसने पाठव.

आणखी एक. यंत्राने धरणीमायच्या वाट्याचा घोट उकरून भाजला, ते काही मला बरं वाटेना. आज सकाळी सगळे चहाला गेल्यावर त्या जागी जाऊन आलो. या खेपेस पेला पूर्ण भरून ओतला.