त्यांनीच दिलेले तीन नंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिला अजून आठ दिवसांनी घरी सोडणार. खुब्याचं हाड नीट बसलंय म्हणतात. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आमच्या बाथरूमची चौकशी केली. उंबरठा किती उंच? म्हटलं, साडेसहा इंच. ते बघतच राहिले. कारखान्याच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली, मोजल्याशिवाय मी बोलत नाही! तर उंबरठा काढून टाकायचा, न घसरणारी फरशी घालायची, भिंतीला धरायला दांड्या, बसायला पक्कं आसन. एवढं झालं तर ही आपल्या पायांनी जाऊन अंघोळ करेल, आणि तेवढं चालणंच तिचा पाय मोकळा करेल. नाही झालं तर पलंगावरच पुसून घ्यायचं. पुन्हा पडली तर मात्र कठीण, असंही म्हणाले.

हिला विचारलं, घरी आल्यावर पहिलं काय करणार? म्हणाली, डोक्यावरून बादलीभर पाणी ओतून घेणार. आणि तुम्ही दाराशी उभं राहून ‘झालं का, झालं का’ करायचं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

परगावच्या लेकीने इंटरनेटवर एक कंपनी शोधून दिली. आजारी माणसांसाठी बाथरूम नव्याने करून देतात. शेकडो लोकांनी चांगलं लिहिलंय म्हणे. मी म्हटलं, लिहिलेल्यावर माझा विश्वास नाही. मी स्वतः तपासणार.

तपासलं! नोंदणीचं प्रमाणपत्र मागून घेतलं आणि नंबर सरकारी यादीशी ताडून पाहिला. जुळला. मग न कळवता त्यांच्या ऑफिसात जाऊन धडकलो. पाटी आहे, माणसं आहेत, कुंड्यांतल्या झाडांना पाणी घातलेलं आहे. पळून जाणारे लोक झाडांना पाणी कशाला घालतील, असा माझा तर्क. तिथला मॅनेजर इतका लाघवी की समोरच्याला आपल्याच संशयाची लाज वाटावी. मी मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांशी बोलायचंय म्हटल्यावर त्याने जराही आढेवेढे न घेता तीन नंबर लिहून दिले.

तिघांनाही फोन केले. दोघांनी चांगलंच सांगितलं, पण थोडक्यात. तिसरे निवृत्त मास्तर. दहा मिनिटं बोलले. माणसं वेळेवर येतात, राडारोडा स्वतः उचलून नेतात, काम चोख. ‘डोळे झाकून द्या,’ म्हणाले. जन्मभर मुलांना शिकवलेला माणूस—त्याला काय पडलंय खोटं बोलायला?

काम दिलं. साठवलेले सगळे पैसे आगाऊ भरले. ही यायच्या आत पुरं होणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

दोघे कारागीर आले. संध्याकाळपर्यंत उंबरठा, सगळी फरशी आणि नळाकडची भिंत उखडून टाकली. घरभर धूळ. पण जीव हलका झाला. सोमवारी येतो म्हणाले.

९ फेब्रुवारी

आले नाहीत.

१० फेब्रुवारी

आले नाहीत. गोडबोल्या म्हणतो, माल वाटेत आहे काका.

११ फेब्रुवारी, बुधवार

ही घरी आली. वॉकर घेऊन हळूहळू बाथरूमच्या दारापर्यंत गेली. आत बघितलं. मातीचा खड्डा, तोडलेला पाइप, त्यावर कोंबलेलं फडकं. वळून पलंगावर जाऊन बसली.

१४ फेब्रुवारी

मी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन अंघोळ उरकतो. बावीस पायऱ्या. हिला त्या जमणं शक्य नाही. दोघातिघांनी खुर्चीत बसवून खाली न्यायचं शेजाऱ्यांनी सुचवलं. ही म्हणाली, ‘मी काय कपाट आहे?’

सकाळी मीच पुसून देतो. पाठ पुसताना ही भिंतीकडे तोंड करते. चाळीस वर्षांचा संसार झाला, तरी हा संकोच मी कधी पाहिला नव्हता. पलंगाशेजारी भांड्याची खुर्ची ठेवलीय, ती रिकामी करायला गेलो की डोळे मिटून घेते. मला त्याचं काही वाटत नाही. तिला फार वाटतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रोज फोन. आधी दोन मिनिटं गाणं ऐकवतात, मग एक मुलगी सांगते की साहेब मीटिंगमध्ये आहेत. आज ऑफिसात गेलो. पाणी दिलं, चहा दिला, दीड तास बसवून घेतलं. गोडबोल्याने आपण होऊन हिच्या तब्येतीची चौकशी केली! भांडायला गेलो होतो, ‘बरी आहे’ असं सांगून परत आलो. स्वतःचा असा राग येतो!

२३ फेब्रुवारी, सोमवार

ग्राहक तक्रार कार्यालय. खिडकी क्रमांक चार. खिडकीवरच्या बाई भल्या आहेत, त्यामुळे ओरडायचीही सोय नाही. अर्ज तीन प्रतींत, सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मग ही पलंगावर मांडीवर ताट ठेवून त्यावर लिहायला बसली. वर तक्रारदार, खाली विरुद्ध पक्ष—म्हणजे ज्याच्यावर तक्रार आहे तो. कंपनीचं नाव लिहिताना पेन असं दाबलं की कागद फाटायचा बाकी होता. घरी आल्यापासून आज पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली.

२६ फेब्रुवारी

एक माणूस आला! टेप काढली, भिंत मोजली, माझी वहीत सही घेतली आणि गेला. सात मिनिटं. हिने तेवढ्यात चहा टाकायला सांगितला होता, तो कपातच राहिला.

६ मार्च, शुक्रवार

कंपनीचं उत्तर आलंय. काम थांबलेलं नाही, चालू आहे. पुरावा म्हणून २६ तारखेची माझीच सही जोडलेली! चालू कामाची तक्रार साठ दिवस पुढे घेता येत नाही, असा नियम आहे. खिडकीवरच्या बाईंनी तो मला दोनदा वाचून दाखवला. साठ दिवसांत पुन्हा कोणी येऊन भिंत मोजून गेला तर? मग पुन्हा साठ. बाईंनाही वाईट वाटत होतं. म्हणाल्या, यांचं दुसरं कुणी जुनं गिऱ्हाईक साक्ष द्यायला मिळतंय का बघा.

लगेच मास्तर आठवले. आपल्या शब्दामुळे काम दिलं आणि असं झालं म्हटल्यावर माणूस मागे हटणार नाही. फोन उचलला नाही त्यांनी. पत्ता शोधून काढतो.

९ मार्च, सोमवार

मास्तरांचं घर सापडलं. दार उघडलं, माझं नाव ऐकलं आणि बाजूला झाले. ‘या’ म्हणाले नाहीत. मीच आत गेलो. समोर स्वयंपाकघर. ओटा नाही. फोडून टाकलाय. जमिनीवर स्टोव्ह, पाटावर भांडी, आणि त्यांच्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या एक थकलेल्या बाई खाली बसून भाजी चिरत होत्या. सात महिने झाले म्हणे. हीच कंपनी.

मास्तर स्वतःच बोलायला लागले. कंपनीने त्यांना सांगून ठेवलंय—कुणाचा चौकशीचा फोन आला की चांगलं सांगा. नव्या माणसाने काम दिलं की तुमचंही थोडं पुढे सरकेल. सरकतंही. एकदा भिंतीला गिलावा झाला, एकदा दोन फरश्या बसल्या. मग त्यांनी कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवलं. नवा, चकचकीत.

‘तो तुमच्या फोननंतर बसवला,’ म्हणाले. ‘तोपर्यंत माझी बहीण बाहेरून पाणी भरत होती.’

साक्षीचं विचारलंच नाही मी. तसाच जिना उतरलो.

कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं: तपासायचा नग ढिगातून आपण उचलायचा. कामगाराने हातात दिलेला नग कधी तपासायचा नाही, तो चांगलाच निघणार! एकतीस वर्षं नव्या पोरांना हेच घोकायला लावलं मी. एकदा एका पोराने दिलेला नग मोजला म्हणून आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. आणि हिच्या अंघोळीच्या कामात गोडबोल्याने हातात दिलेले तीन नग मी मुकाट्याने मोजले आणि शिक्का मारून मोकळा झालो.

हिला एवढंच सांगितलं की मास्तर भेटले नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

गोडबोल्याचा फोन. स्वतःहून! सोमवारी माणसं पाठवतो म्हणाला, चार दिवसांत बाथरूम तयार. फक्त ती तक्रार मागे घ्या. आणि उद्या कुणी चौकशीला फोन केला तर दोन चांगले शब्द. ‘काका, आपलेपणाने सांगतोय.’

फोन आपटला. बरं वाटलं. साधारण तासभर.

१८ मार्च, बुधवार

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. पाय आखडत चाललाय. पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर, एवढं चालणं पुरत नाही म्हणाल्या. अजून महिनाभर असंच राहिलं तर वॉकर सुटायचा नाही.

त्या गेल्यावर ही रडली. आवाज न करता. मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘माझ्या अंगाला वास येतो का हो?’ मी नाही म्हटलं. येत नाही, खरंच येत नाही. पण तिला ते पटवायला माझ्याकडे काही नाही.

मी काय करू? कुणाला विचारू? दुसरा गवंडी लावायला पैसे उरले नाहीत. लेक म्हणते, बाबा कोर्टात जा. कोर्टात जाईन, पण हिने तोपर्यंत काय करायचं?

१९ मार्च

गोडबोल्याला फोन केला.

२० मार्च, शुक्रवार

खिडकी क्रमांक चार. तक्रार मागे घेण्याचा अर्ज एका प्रतीत चालतो! बाईंनी विचारलं, मिटलं का? मान हलवली. त्या मनापासून हसल्या.

२३ मार्च, सोमवार

चार माणसं आली. ठोकाठोक सुरू. ही पलंगावरून लेकीला फोनवर सांगत होती—बघ, तक्रारीचा कसा दणका बसला! सगळा अर्ज मी लिहिलाय! मी धुळीचं निमित्त करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

२५ मार्च, बुधवार

दुपारी एका मुलीचा फोन. तिच्या वडिलांची एक बाजू लुळी पडलीय, बाथरूम करून घ्यायचंय. कंपनीने माझा नंबर दिला. काम कसं आहे, काका?

आतून फरशी ठोकल्याचा आवाज येत होता. आसन अजून बसायचं होतं, दांड्याही. म्हटलं, काम चांगलं आहे. माणसं वेळेवर येतात का, असं तिने विचारलं. येतात म्हणालो. किती बारकाईने विचारत होती! शेवटी म्हणाली, तुमच्याशी बोलून धीर आला.

मी तिला काहीही सांगू शकलो असतो. कंपनीचं कुणी शेजारी उभं नव्हतं. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःलाच फसवायला नको.

२८ मार्च, शनिवार

झालं. काम खरंच चांगलं केलंय, मी ओळंबा लावून पाहिला. ही वॉकर घेऊन गेली, आतून दार लावलं. पाऊण तास. बादलीमागून बादली पाण्याचा आवाज. मी दाराशी उभा राहिलो नाही. बाहेर आली तेव्हा केस निथळत होते, आणि हसत होती. म्हणाली, तुम्ही खेटे घातलेत म्हणून झालं हे.

१४ एप्रिल, मंगळवार

बरेच दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण धजावलो नाही. त्या मुलीला तीनदा फोन लावायला घेतला. तीनदा ठेवला.

आज भाजी घेऊन घरी आलो तर ती मुलगी घरात! हिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर. माझा पत्ता काढून आली होती, ‘कंपनीला वेळेवर काम जमतं’ एवढी साक्ष द्याल का असं विचारायला. वडिलांचं बाथरूम सतरा दिवसांपूर्वी उखडलंय. मग कुणी फिरकलं नाही. वडील तिला अंगाला हात लावू देत नाहीत, ओरडतात.

ती मला दोष द्यायला आलीच नव्हती. तिला वाटत होतं, माझं काम चांगलं झालं, तिच्याच नशिबी असं आलं. ही आळीपाळीने तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, ‘तुम्हाला काय विचारलं होतं हिने? आणि तुम्ही काय सांगितलंत?’

सगळं सांगितलं. मास्तर, नळ, मागे घेतलेली तक्रार, फोन. पिशवी हातातच होती. मुलगी उठून उभी राहिली. हिने तिचा हात धरून तिला परत खाली बसवलं आणि मला बाहेर जायला सांगितलं.

१६ एप्रिल, गुरुवार

आज हिने त्या मुलीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. तीन प्रती. अक्षर हिचं. विरुद्ध पक्ष क्रमांक एक: कंपनी. विरुद्ध पक्ष क्रमांक दोन: माझं संपूर्ण नाव, आमचा पत्ता. ‘तुम्हाला खिडकी माहीत आहे, तुम्हीच नेऊन द्या,’ म्हणाली. ‘आधी तपासून घ्या.’

दोनदा वाचला. चूक नाही.