साठ, चाळीस आणि बरं

३ मार्च, सकाळी ९
मेहुण्याचा फोन. तो बॉक्सिंगचा चॅम्पियन, आणि ही त्याची शेवटची फाइट. समोर बावीस वर्षांचा पोरगा. आजवर पैशांची बोलणी त्याची ताई करायची, म्हणजे आमची ही. तिला जाऊन अडीच महिने झाले. दाजी, आता तुम्हीच, म्हणाला. साठ टक्के आपले, चाळीस त्याचे. साठसाठी अकरा वर्षं नाकावर मार खाल्लाय, चाळिसावर उतरलो तर पट्टा मिरवू कशाला?
बरं, म्हणालो.
प्रत्येक बैठकीत हिच्या शेजारी बसलोय. सगळं तोंडपाठ आहे. हिचा एकच दोष. बोलणी रंगात आली की मध्येच चहा मागवायची. मी चहा बंद करणार. वेळ वाचेल.

६ मार्च
पहिली बैठक, प्रमोटरच्या ऑफिसात. खाली जिम. बॅगवर ठोसा पडला की वर टेबल हादरतं. पोराच्या बाजूने त्याची मावशी. सायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवते. तोंड एक मिनिट बंद नाही. माझं धोरण: गप्प राहून दमवायचं. ती म्हणाली, आमचा पोरगा रिंगमध्ये शेवटी येणार. शेवटी चॅम्पियन येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी शांतपणे बरं म्हणालो. म्हणजे, ऐकलं. बाई चपापली. वहीत खूण केली. घाबरली की माणसं रेघोट्या मारतात.

१० मार्च
दुसरी बैठक. रिंग मोठी हवी, म्हणे, पोराच्या पायाला भिंगरी आहे. बरं. ग्लोव्हज आमच्या पसंतीचे. बरं. प्रमोटरला म्हणाली, गृहस्थ किती मोकळ्या मनाचे! खुशामत सुरू. निम्मा गड सर.
हिची निळी फाइल एकदा बघायला हवी. पण कपाटाचं दार घट्ट बसतं. उद्या.

११ मार्च
पाठ दुखते. फाइल काही पळून जात नाही.

१४ मार्च, दुपारी ४
शेवटची बैठक. मावशी म्हणाली, साठ आमचे. लोक आमच्या पोराला बघायला येणार, तुमच्या चॅम्पियनला टाटा करायला. मी पूर्ण एक मिनिट थांबलो. मग म्हणालो, बरं. पुढचं वाक्य जबरदस्त होतं, पण बाईने उठून माझा हातच हातात घेतला. ग्रीसचा वास. शरण आली असावी.

१८ मार्च
करार आला. साठ त्यांचे. रिंग मोठी. ग्लोव्हज त्यांचे. शेवटी पोरगा येणार. प्रमोटरला फोन लावला. साहेब, प्रत्येक मुद्द्याला तुम्हीच बरं म्हणालात, बाईंच्या वहीत तारखेसकट आहे, म्हणाला.
मेहुणा घरी आला. सगळं वाचलं. ताईने दिलेला शब्द कधी फिरवला नाही, म्हणाला, आणि सही केली. चाळिसावर.
मग कपाट उघडलं. दार घट्ट नव्हतंच. फाइलच्या पहिल्याच पानावर हिच्या अक्षरात: ‘हे बरं म्हणाले की लगेच चहा मागवणे. कपबशांच्या गडबडीत समोरचे ते लिहून घ्यायला विसरतात.’
मेहुण्याने दोनदा वाचलं. खो खो हसला. मग बराच वेळ ते मोडकं नाक पुसत राहिला. दाजी, चहा टाकू? म्हणाला.
बरं, म्हणालो.
तो दारात थांबला. म्हणजे हो की नाही?
हिला कधी विचारावं लागलं नव्हतं.