सीताफळाच्या डोंगराचं फाटक

३ आजूर, १३२३ फसली (इंग्रजी ऑक्टोबर १९१३).
काल दुपारी माझं आयुष्य बदललं. डोंगर उतरताना गावातल्या कौसानं सीताफळ फोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. बोलली नाही. प्रेमात बोलत नाहीत. हैदराबादेत प्रोफेसरशी भांडून कॉलेज सोडलं, इथं या डोंगराचा राखणदार झालो, त्याचं चीज झालं. बिया खिशात ठेवल्यात.

५ आजूर.
बीडहून हुकूम. राखीव डोंगरानं आपला खर्च आपणच काढावा, राखणदाराचा पगारसुद्धा. नाहीतर राखणीचा नाका बंद. म्हणजे मी परत घरी गेवराईला, वडिलांसमोर. छे! लगेच स्कीम सुचली. वाटेवर फाटक, फळांच्या पाटीमागं एक आणा. कौसाला माफ. रोज फाटकाशी थांबेल.

८ आजूर.
फाटक उभं. रंग स्वतः दिला. सीताफळं काढायला गावातल्या बाया आल्या. कौसाची आई बायनाबाई म्हणाली, "मालक, डोंगराला दार लावलं, आता वाऱ्याचं बी पैसं घेता का?" मी भडकलो. कायदा ऐकवला. कौसाला हळूच म्हटलं, तुला माफ. ती मोठ्यानं, "मलाच कावून? मी काय तुमची सोयरी हाय?" सगळ्या हसल्या आणि परत गेल्या. लाजली असणार.

११ आजूर.
कोणी नाही. लोकांना शिस्त लागायला वेळ लागतो. फाटकाची कडी तपासली. उत्तम लागते.

१६ आजूर.
कोणी नाही. फळं झाडावरच फुटतायत. वानरं फाटकावर बसून खातात. भाजीत मीठ विसरलो, सांगणारं कोणी नाही. दिवसभर तोंडातून शब्द निघाला नव्हता. संध्याकाळी वानरावर ओरडलो, बरं वाटलं.

१९ आजूर.
फी निम्मी केली. गावात जाऊन सांगितलं. बायनाबाई अंगण सारवत होती. न राहवून विचारलं, मग कौसानं मला अर्धं फळ का दिलं होतं? म्हणाली, "आवो, रीतच हाय ती. पहिल्या फळातलं अर्धं राखणदाराचं. तुमच्या आदी मैनुद्दीनचाचा व्हते, तोंडात दात न्हाई, त्यान्ला बी तीच द्यायची. आता तुमी पैसं मागता, मंग अर्धं कशापाई?"
आईला मुलीच्या मनातलं काय ठाऊक!

२५ आजूर.
उत्पन्न निरंक. बीडहून कागद आला, नाका बंद. फाटक उघडं टाकलं. उद्या निघायचं. कौसा निरोपाला येणारच. दाढी केली.

२६ आजूर.
आली! पाट्या घेऊन सगळ्याच आल्या. उतरताना कौसा सरळ माझ्याकडे आली. हातात अर्धं सीताफळ. मी हात पुढं केला. तिनं विचारलं, "नवा राखणदार कवा येतुय? ह्यो त्याचा वाटा." म्हटलं, कोणी येणार नाही. "बरं," म्हणाली. फळ फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि गेली.

वानर खाली उतरलंय.

ट्रंक उचलली. खिशातल्या बिया नाक्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवल्या. निघतो. दार ओढून घेतो.