हिरव्या डब्याचं झाकण

४ जानेवारी

क्लचची तार तुटली! दारातच तुटली, एवढंच नशीब. उतारावर तुटली असती तर — नको, लिहीत नाही.

गाडी ह्यांची, जुनी दुचाकी. ह्यांच्यामागे सून चालवते. टेकडीवरच्या दवाखान्यात ती नर्स आहे, पाळी भल्या सकाळची, त्या वेळेला बस नाही. जाताना चढ, त्याचं काही नाही. येताना तो लांब उतार आणि खाली नाल्यावरचा अरुंद पूल. मुलगा जहाजावर. फोनवर म्हणतो, "आलो की नवी घेऊ." तो येईपर्यंत हीच चालली पाहिजे. आणि हिचे भाग बनवणं कंपनीनं कधीच बंद केलंय.

गॅरेजवाल्यानं दुसऱ्याच कुठल्या गाडीची तार कापून, टोकाला शिसं ओतून बसवून दिली. "मावशी, आता हिला म्युझियममध्ये ठेवा." म्हटलं, आधी मला ठेव, मी तिच्याहून जुनी. तो हसला, मीही हसले. घरी आल्यावर दहादा क्लच दाबून पाहिला.

७ जानेवारी

आज पुढचं चाक मी स्वतः उघडलं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक समोर, पान मिटू नये म्हणून वर चहाचा कप. मी शाळेत गेलेले नाही. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली. तो दुसरीत गेला, मीही गेले. तेव्हापासून छापलेल्या शब्दावर माझा भारी विश्वास. ह्यांचा मुळीच नव्हता. "पुस्तक लिहिणाऱ्यानं आपला उतार कुठं पाहिलाय?" म्हणायचे. सीटखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, स्टँडला जुन्या चपलेचं रबर. कुठंही उघडा, हे सापडतात.

चाकाच्या आत ब्रेकचे दोन शू असतात, अर्ध्या बांगडीसारखे. ब्रेक दाबला की मधली कळ फिरते, त्यांना बाहेर ढकलते, ते चाकाला आतून घासतात आणि चाक थांबतं. एवढं आता मला समजतं. कळीजवळ दोन्ही शूंच्या टोकांवर काळ्याकुट्ट पत्र्याच्या टोप्या होत्या, घडी घालून बसवलेल्या. पुस्तकातल्या चित्रात नाहीत. पुन्हा पाहिलं. नाहीतच. काढल्या आणि खिळ्यांच्या बरणीत टाकल्या. सगळं पुसून, चित्राबरहुकूम बसवलं. फार बरं वाटलं. मनातल्या मनात ह्यांना म्हटलंसुद्धा — बघा!

८ जानेवारी

सून खूप उशिरा आली. केस कपाळाला चिकटलेले. "काम होतं," म्हणाली. जेवताना तिचा घास हातातच.

९ जानेवारी

"आई, पुढचा ब्रेक जरा सैल वाटतोय."

जरा! गॅरेजवाल्यानं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक मुठीपर्यंत दाबला. चाक आपलं फिरतंय, फिरतंय. त्यानं उघडून पाहिलं आणि विचारलं, "इथं टोप्या होत्या ना? त्या कुणी काढल्या?"

सून म्हणाली, "पडल्या असतील."

शूंची टोकं इतकी झिजलीत की कळ पूर्ण फिरली तरी ते चाकापर्यंत पोचत नाहीत. ती झीज भरून काढायला त्या टोप्या होत्या. "वरचं लायनिंग नवं चिकटवून देईन हो, पण टोक कुठून आणू? शूच नवे पाहिजेत. ते मिळत नाहीत."

मागचा ब्रेक तर नावालाच लागतो. म्हणजे काल ती तो अख्खा उतार बिनब्रेकची आली. माझ्या पुस्तकामुळे. आणि मला म्हणते, काम होतं.

१० जानेवारी

बरणी उपडी केली, टोप्या शोधल्या. रॉकेलमध्ये बुडवून घासल्या तर खालून हिरवा रंग आला. मग पिवळं काहीतरी. पंख!

माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण! हिरवं, वर पिवळा पक्षी. कुठं हरवलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. "उंदरानं नेलं असेल," म्हणाले. आजतागायत डब्यावर फडकं बांधते मी.

ओट्याशी बसून रडले. बऱ्याच दिवसांनी असं रडले, नाहीतर ते आपलं रोजचं, भांडी घासताना येणारं. मग टोप्या नीट पुसल्या, ह्यांनी पाडलेल्या घडीवरच पुन्हा दाबल्या आणि स्वतः बसवल्या. सून बाजूला उभी राहून पाहत होती. ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"बाबांना कळायचं हो," मी म्हटलं. ती नुसती हसली.

१३ जानेवारी

ब्रेक लागतोय. तरी ती उशिराच येते. रोज. मी खिडकीत उभी. दुरून तो आवाज आला — फट् फट् आणि मध्येच खोकल्यासारखा — की खुर्चीत बसते आणि काही झालंच नाही असं दाखवते. "आई, गजांवर गाल टेकून उभ्या होतात, वळ उठलाय." लबाड आहे.

१६ जानेवारी

आज आवाज नेहमीपेक्षाही उशिरा आला. तोवर मी चप्पल घालून दारात. वाटेल तसं बोलले तिला. "दवाखाना सुटल्यावर कुठं जातेस? इकडं माझा जीव टांगणीला!" तिनं शांतपणे हात धुतले. "येते ना मी? मग झालं तर."

१७ जानेवारी

ह्यांची आठवण येतेय. शेवटच्या वर्षी हे त्या उतारावर गाडीवरून उतरायचे आणि धरून चालत आणायचे. इंजिन बंद. शेजारी चिडवायचे, "काय, गाडीला पाय मोकळे करायला नेलंत?" हे म्हणायचे, "म्हातारी झाली ती." मला वाटलं छातीत काहीतरी होतंय. डॉक्टरकडे नेलं, तपासण्या केल्या. सगळं साफ आलं. मग एके दिवशी झोपेतच गेले. म्हणून मी अजून म्हणते, छातीच होती. डॉक्टरला काय कळतंय.

२० जानेवारी

शू कुणाकडेच नाहीत. गॅरेजवाल्यानं फोन करून करून पाहिलं.

बाजारात वखारवाला भेटला, ह्यांचा मित्र. काठी घेऊन चालतो. त्याची गाडीही हीच होती. दोघांनी एकाच दिवशी घेतल्या होत्या. "माझी भंगारात पडलीय, वहिनी. तिचे शू बघा, लागले तर लागले." मग म्हणाला, "मी पाय मोडून पडलो होतो तेव्हा भाऊ रोज यायचे दवाखान्यात. खुर्ची ओढून बसायचे नुसते. बोलायचे काही नाही. एवढं कोण करतं हो?"

हे असेच. दुसऱ्याच्या दुखण्यात जीव टाकायचे. उद्या जाते भंगारात.

२१ जानेवारी, दुपार

लिहिते आहे कारण नुसतं बसवत नाही.

भंगारवाल्यानं गाडी ढिगाऱ्यातून ओढून काढली. हँडल वाकडं, दिव्याच्या जागी भोक. पुढचं चाक फिरेना, गच्च आवळलेलं. "अशीच आली होती, मावशी. उतारावर चाक अडकलं म्हणे, आणि माणूस हँडलवरून पुढे." हातोडीनं ठोकून ठोकून त्यानं ते उघडलं.

एका शूच्या टोकावर पत्र्याची टोपी होती. दुसऱ्यावर नव्हती. ती निसटून शू आणि चाकाच्या मध्ये शिरली होती, चुरगळून, पाचरीसारखी. मी ती ओढून काढली. पदरानं पुसली.

हिरवी. वर पिवळ्या पक्ष्याचा डोळा.

भंगारवाला म्हणत होता, "पाणी देऊ का? बसा, मावशी, बसा." मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. ह्यांनी दोघांच्याही गाडीला बसवल्या. एकाच झाकणातून. आपल्या हातानं कापून. आणि मग रोज जाऊन त्या खुर्चीत बसले. आणि गाडी चालत आणू लागले. छाती नव्हती. छाती कधीच नव्हती!

आणि मी त्या पुन्हा बसवल्यात. माझ्या हातानं. बरणीत पडल्या होत्या तेच बरं होतं. ब्रेक नाही हे तिला निदान कळलं असतं. आता तिला वाटतंय ब्रेक आहे.

सुनेला फोन लावला. उचलत नाही, पाळीवर फोन कपाटात ठेवतात. दवाखान्यात लावला. "त्या निघाल्या की आत्ताच."

चप्पल सापडत नाहीये. जाते तशीच.

२२ जानेवारी

उताराच्या मधल्या वळणावर ती दिसली. इंजिन बंद, हँडल धरून पायी येत होती. अगदी ह्यांच्यासारखी, रस्त्याची कड धरून. खाली पुलापाशी येऊन चालू करते म्हणाली, म्हणून मला आवाज यायचा.

"ब्रेक लागला नाही त्या दिवसापासून उतरते, आई. बाबा उतरायचे ना. म्हटलं, उगाच नसतील उतरत."

"मग मला बोलली का नाहीस? मी एवढी भांडले!"

"तुम्ही त्या टोप्या एवढ्या मायेनं पुसून बसवल्यात. कशी बोलू?"

अनवाणीच तिच्याबरोबर चालत घरी आले. तिनं हँडल धरलं, मी मागून सीट. पुलावरही तिला बसू दिलं नाही.

पक्ष्याचा डोळा माझ्या बटव्यात आहे. वखारवाला ह्यांना अजून भाऊ म्हणतो. आज जेवण झालं की वखारीत जाणार. दाखवणार.

पाहिल्यावर तो ह्यांना काय म्हणेल, आता भीती त्याची आहे.